हुकमाचा एक्का आधी की शेवटी?

सदाफुली: काल इथं कुणीतरी ठासून लिहिलं की ईजीएफआर पॉझिटिव्ह (त्या जनुकात बदल असलेल्या) फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आधी जेफिटिनिब ही जुनी गोळी द्यावी, ओसिमर्टिनिब ही नवी गोळी हुकमाचा एक्का म्हणून मागे राखावी. पत्ते कुटायला बसलोय का? फ्लॉरा चाचणीत ओसिमर्टिनिबवर पीएफएस, म्हणजे आजार न वाढता गेलेला काळ, १८.९ महिने, जुन्या गोळ्यांवर १०.२. ओएस, म्हणजे एकूण जगण्याचा काळ, ३८.६ विरुद्ध ३१.८. शिवाय जेफिटिनिबनंतर टी७९०एम, म्हणजे ज्यावर ओसिमर्टिनिब चालतं तो जनुकातला नवा बदल, सापडतो तो साधारण निम्म्यांनाच. बाकीच्यांनी एक्का कुठे टाकायचा?

उंटावरचा: ती पोस्ट माझीच. फ्लॉरात जुन्या गोळ्यांवरच्या जेमतेम ३१ टक्क्यांना पुढे ओसिमर्टिनिब मिळालं. ही क्रमाची परीक्षा कशी? ती घेतली युरोपातल्या ॲपल चाचणीनं. जेफिटिनिब, मग रक्तात टी७९०एम दिसला किंवा स्कॅन बिघडला की ओसिमर्टिनिब. दीड वर्षानं हयात किती? आधी ओसिमर्टिनिब ८४ टक्के, नंतर दिलं तर ८२. बोला.

सदाफुली: बोलते. त्याच ॲपलमध्ये आधी ओसिमर्टिनिब घेणाऱ्यांत आजार मेंदूत वाढण्याचा धोका कमी निघाला, ते सोयीस्कर गाळलंत. माझ्या मावशीची छाती जेफिटिनिबवर अकरा महिने स्वच्छ. एक दिवस विळीवर बसली आणि उजवा हात उचलेना. एक्का राखूनच ठेवला होता, साहेब.

चहाबिस्कीट: तुमचं चालू द्या. बाबांच्या मेडिक्लेमवाल्यांनी कळवलंय, गोळी घरी गिळली, भरती नाही, क्लेम नाही.

पावती_जपा: विमा नियामकाच्या २०१९च्या सूचनांत तोंडावाटे केमोथेरपी आहे. अपील करा.

चहाबिस्कीट: केलं. उत्तर आलं, "ही केमो नव्हे, टार्गेटेड थेरपी." डॉक्टर ज्या वाक्यानं आईला धीर देतात, तेच कंपनीनं आमच्या तोंडावर मारलं!

पावती_जपा: लेखी घेतलंय ना? मग विमा लोकपाल. आम्हीही चपला झिजवल्यात.

उंटावरचा: धागा औषधांच्या क्रमाचा आहे.

चहाबिस्कीट: क्रम पाकीट ठरवतं हो! जेनेरिक जेफिटिनिब परवडलं, तेच पहिलं. तुमच्यासारखा अभ्यास करून नव्हे.

रात्रपाळी: परवडण्यावरच बोलायचं तर मुंबईच्या टाटाची चाचणी कुणालाच आठवू नये? ३५० रुग्ण. जेफिटिनिबला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या केमोची जोड दिली, पीएफएस ८ वरून १६ महिने. त्रासही वाढला, ते खरं.

सदाफुली: तुलना नुसत्या जेफिटिनिबशी. ओसिमर्टिनिबशी नाही.

रात्रपाळी: ज्याला ओसिमर्टिनिब मिळणारच नाही, त्याला हे सांगा.

उंटावरचा: बरं, मेंदूचा मुद्दा मान्य. पूर्ण नाही, अर्धा. मावशी कशा आहेत आता?

सदाफुली: पोस्ट टाकण्याआधी विचारायचं होतं.