दादाची नजर अचानक गेली, कारण फुफ्फुसात निघालं. मदत हवी आहे

जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझा दादा ४६ वर्षांचा, सिगरेटला कधी हात लावला नाही, खोकला नाही, वजनही उतरलेलं नाही. महिन्यापूर्वी दाढी करता करता म्हणाला, आरशात माझं नाकच दिसत नाहीये. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग उजवा डोळा झाकून बघितलं तर दाराची चौकट मधेच वाकडी दिसत होती आणि मोबाईलवर शब्दातली मधली अक्षरं गायब. दुखणं नाही, लाली नाही, काहीच नाही.

पहिले डॉक्टर म्हणाले पडद्याखाली पाणी साठलंय, टेन्शनने होतं, दोन-तीन महिन्यांत आपोआप सुकेल. बऱ्याच जणांचं तसं सुकतंही म्हणे, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण तीन आठवड्यांत नजर आणखीच गेली म्हणून रेटिनावाल्यांकडे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून तपासलं, डोळ्याची सोनोग्राफी केली आणि पडद्यामागे पिवळट फुगवटा दाखवला. तिथल्या थरात रक्तपुरवठा भरपूर असतो म्हणून दुसरीकडचा कॅन्सर रक्तातून तिथे येऊन बसतो, पुरुषांत जास्त करून फुफ्फुसाचा, बायकांत स्तनाचा, आणि काही जणांचा मूळ आजार असा डोळ्यामुळेच पहिल्यांदा कळतो. छातीचा सीटी लगेच करायला लावला, गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सरच आलाय, आता ईजीएफआर आणि एएलके या जनुकांत काही बदल (म्युटेशन) आहे का ते सांगणारे रिपोर्ट यायचेत.

अडलंय इथे. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात म्युटेशन निघालं तर गोळ्यांनीच डोळ्यातली गाठही बसू शकते, रिपोर्टपर्यंत थांबू. डोळ्याचे म्हणतात पडदा जितके दिवस सुटलेला राहील तितकी नजर परत येणं अवघड, रेडिएशन लगेच घ्या. दोघांचंही पटतं आणि ठरवायचं मात्र वहिनीने आणि मी.

कोणाच्या घरी असं झालंय का? आधी काय घेतलंत, गोळ्या की रेडिएशन? नजर किती आली, किती दिवसांनी? दुसऱ्या डोळ्यातही निघालं का? मेंदूचा एमआरआय अजून झालेला नाही, तो आत्ताच मागून घ्यावा असं मला वाटतंय.

दादा रोज उठल्यावर उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो, काय दिसलं ते सांगत नाही. रिपोर्ट गुरुवारी येतोय, त्याआधी कोणी अनुभव सांगितला तर दोन्ही डॉक्टरांना नीट विचारता येईल.