मदत हवी आहे: लागरला बटरस्कॉचचा वास, दोष टाकीत की नळीत?

पुणे-बंगळुरू हायवेवरच्या एका मायक्रोब्रुअरीत लागरला (कमी तापमानात आंबवलेली बिअर) बटरस्कॉचचा वास आणि मागाहून आंबट चव. ग्लासच्या आत बुडबुडे चिकटलेले, पण तो नीट न धुतलेल्या ग्लासचा दोष. वास डायअसिटिलचाच (लोण्यासारख्या वासाचं संयुग; किण्वनात यीस्ट ते तयार करतं आणि शेवटी पुन्हा शोषून घेतं). नुसता वास असता तर किण्वनाच्या शेवटी २-३ दिवस १६-१८ अंश सेल्सियसवर न ठेवता घाईने थंड केली, असं म्हटलं असतं. आंबटपणामुळे टाकीपासून नळापर्यंतच्या नळीत पेडिओकोकस (आंबटपणा आणि डायअसिटिल दोन्ही तयार करणारा जीवाणू) वाढल्याचा संशय येतो. दर १४ दिवसांनी कॉस्टिकने (तीव्र अल्कलीच्या द्रावणाने) नळ्या धुतल्या नाहीत की हेच होतं. गव्हाची बिअर मात्र चोख: केळं, लवंग हे तिचे दोन्ही अपेक्षित वास जागेवर.

टेबलावर बसून खात्री कशी करायची? टाकीतून थेट नमुना मागितला तर देतात का? नळाचा पहिला आणि तिसरा ग्लास वेगळा लागला, तर दोष नळीचाच धरावा का?