मदत हवी आहे: सात माणसं, स्टॅक पार्किंग आणि गाडीची तिसरी रांग

मुलुंडचा_मधला

मंडळी, गाडीबद्दल सल्ला हवा आहे. "बजेट किती?" असं कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो: ऑन-रोड वीस लाख, फार ओढाताण केली तर लाखभर वर.

घरात आम्ही सात जण. मी, बायको, नऊ वर्षांची लेक, दीड वर्षाचा मुलगा, आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे कुरकुरतात) आणि आत्या. सध्या एक जुनी हॅचबॅक आहे. मी रोज लोकलने सीएसएमटीला जातो, त्यामुळे आठवडाभर गाडी बायकोकडे: शाळा, डॉक्टर, भाजी, लेकीचा क्लास. गुहागरला घर आहे. गणपतीत आणि मे महिन्यात सगळं कुटुंब तिकडे जातं, आजवर अर्धे गाडीने, अर्धे रेल्वेने. गणपतीतल्या कोकण रेल्वेच्या तिकिटांबद्दल इथे वेगळं लिहायला नको.

आईचं म्हणणं, "बाळ माझ्या मांडीवर, पोरगी मध्ये, त्यात काय एवढं." बायकोला हे अजिबात मान्य नाही आणि मी तिच्या बाजूने आहे (घरात हे मोठ्याने बोललेलो नाही). तेव्हा सात सीटची गाडी घ्यायचं चाललंय.

पण शोरूममध्ये तिसऱ्या रांगेत स्वतः बसून पाहिलं आणि मनात शंका आली. डोक्यामागे वीतभर जागा, मग थेट मागची काच. कुणी मागून ठोकलं तर? मग तिथे बसवायचं कुणाला, म्हाताऱ्यांना की पोरांना? सेल्समन सारखं "फाइव्ह स्टार आहे सर" म्हणत होता, पण ते तारे नेमके कुठल्या सीटचे याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

दुसरं म्हणजे बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट झालंय आणि पार्किंग स्टॅकचं (यंत्राने एकावर एक गाड्या ठेवायचं) मिळालंय. मोठी गाडी त्यात मावते का? आणि मुळात वर्षातल्या मोजक्या मोठ्या प्रवासांसाठी रोज एवढं धूड गल्लीबोळांतून फिरवणं शहाणपणाचं आहे का?

डोक्यात अर्टिगा आणि कॅरेन्स. एक्सयूव्ही ७०० आवडते, पण हवं ते मॉडेल बजेटबाहेर जातंय.

रेवदंडा_फास्ट

इनोव्हा घ्या. विषय संपला.

मुलुंडचा_मधला

अहो, बजेटची ओळ वाचा की.

रेवदंडा_फास्ट

सेकंडहँड इनोव्हा क्रिस्टा बघा मग. सात माणसं, सामान आणि वर आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना कुरकुरत नाही. पण लांबी पावणेपाच मीटर आहे, रुंदी एक मीटर ८३. तुमच्या वहिनी शाळेबाहेर ती कुठे लावणार ते त्यांनाच विचारा.

घाटमाथा

ताऱ्यांचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून तारे देणारी चाचणी, सुरू झालं. त्याआधी ग्लोबल एनकॅपचेच आकडे सगळे वाचायचे. चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने समोरच्या अडथळ्यावर आदळवतात, आणि तीही पूर्ण नाकावर नव्हे, एका बाजूने. बाजूने धडक वेगळी, ताशी ५० ची. खांबावर आडवी आदळवण्याची चाचणी ताशी २९ ची. समोरून होणाऱ्या धडकेत पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात आणि दुसऱ्या रांगेत दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधलेले असतात. तिसऱ्या रांगेत कुणीही नसतं. मागून होणाऱ्या धडकेला तर ताऱ्यांमध्ये जागाच नाही. म्हणजे सेल्समन खोटं बोलत नव्हता, पण तुम्ही विचारलेल्या सीटचं उत्तर त्या ताऱ्यांत नाही.

याचा अर्थ तारे निरुपयोगी असा काढू नका. सांगाडा चुरगळला नाही तर त्याचा फायदा मागच्यांनाही होतो. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे होते. सफारीला भारत एनकॅपचे दोन्हींत पाच. कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन. अर्टिगाला २०१९ मध्ये तीन, आणि २०२४ मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठीची, भारतात बनलेली अर्टिगा नव्या, कडक नियमांनी तपासली तेव्हा मोठ्यांसाठी एकच. ती दोन एअरबॅगची होती. इथे आता सहा मिळतात, म्हणून ती गाडी आणि ही गाडी तंतोतंत एक मानू नका. पण कानाडोळाही करू नका. आणि गाडी उंच, दणकट दिसते म्हणून ती सुरक्षित, हा समज सोडा. बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच तारा मिळाला, आणि तिची मागची बाकं तर आडवी, एकमेकांकडे तोंड करून. तिथे मूल बसवायचा विचारही नको.

तिसरी रांग तुम्हालाच तपासावी लागेल. हेडरेस्ट वर ओढल्यावर बसणाऱ्याच्या डोक्याच्या मध्यापर्यंत येतो का? मागून धक्का बसला की मानेला वाचवणारी ती एकच वस्तू. पट्टा खांद्यावरून येणारा, तीन टोकांचा आहे का? पडद्यासारखी बाजूची एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत येते की दुसऱ्या रांगेतच संपते? हे ब्रोशरच्या चित्रात दिसतं, सेल्समनला विचारू नका.

आता बसवायचं कुणाला. म्हातारी माणसं तिसऱ्या रांगेत नकोत. अपघात बाजूला ठेवा, तिथे गुडघे छातीशी येतात आणि पळस्पे ते चिपळूण हा काही तासाभराचा रस्ता नव्हे. शिवाय काही झालं तर तिथून पटकन बाहेर पडायचं, म्हणजे पुढची सीट कुणीतरी दुमडून द्यायला हवी. सत्तरीच्या माणसाला ते जमणार नाही. तिथे चपळ माणसं बसवा. तुमच्या घरात ती दोनच दिसतात, वहिनी आणि लेक.

शमिका_बोरिवली

घाटमाथांनी सगळं सांगितलं, पण चाइल्ड सीट राहिली. आमच्याकडे सहा माणसं आणि एक चाइल्ड सीट आहे, त्यामुळे हे रोजचं दुखणं.

आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेच्या दोन कडेच्या सीटना असतात, तिसरीत सहसा नसतात. म्हणजे बाळ दुसऱ्या रांगेत, खिडकीशी, हे ठरलेलं. आणि ज्या बाजूला चाइल्ड सीट बसवली ती बाजू मागे जायला बंद! ती सीट दुमडायची तर आधी बाळासकट सगळं काढा. म्हणून बाळाला ड्रायव्हरच्या मागे ठेवा आणि फुटपाथकडची डावी बाजू मोकळी. ट्रायलला जाताना स्वतःची चाइल्ड सीट घेऊनच जा. आम्ही नेली तेव्हा शोरूमवाले बघत राहिले, पण त्यामुळेच कळलं की मागे तोंड केलेली सीट लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. ड्रायव्हरच्या मागे लावणार असाल तर ते गुडघे तुमचे!

मागे तोंड करून बसवणं लवकर थांबवू नका. युरोपातल्या नव्या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे आणि सीटची मर्यादा असेल तोवर पुढेही तसंच चालू ठेवलेलं बरं. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना तर मागे तोंड केलेली सीट कधीच नाही.

आईंना समजवायला एक हिशेब देते. गाडी ताशी ५० वरून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ हातांना १४० किलोंसारखं ओढतं. आमच्या सासूबाई हे ऐकून गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, "मग माझ्या पर्सचं काय?" बरोबरच विचारलं होतं. तिसरी रांग वापरात असताना सामान सीटच्या पाठीपेक्षा वर रचायचं नाही. पाट्याचा दगड, नारळाचं पोतं असलं काही गावाहून आणत असाल तर ते खाली, सीटच्या पाठीला टेकवून.

लेकीला बूस्टर, म्हणजे उंच बसवणारी सीट, लागेल. पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून जायला हवा, उंची दीड मीटरच्या आसपास येईपर्यंत तो नीट बसत नाही.

रेवदंडा_फास्ट

आणि घाटात पोरीला शेवटी बसवलंत तर आल्याच्या वड्या आणि पिशवी हाताशी ठेवा. अनुभवाचे बोल.

कायदेपंडित_काका

मागच्या सीटचा पट्टा हौसेचा नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावलेले. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब खाली दंड १००० रुपये, आणि १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तरी तेवढाच.

गच्चीवरचा_पिंपळ

पार्किंगबद्दल कुणीच बोलेना, म्हणून मी. आमच्याकडे कांजूरला स्टॅकच आहे आणि निम्मी भांडणं त्याचीच.

यंत्राच्या खांबावर एक पाटी असते, तिच्यावर वजन, लांबी, रुंदी, उंची लिहिलेली असते. बुकिंगच्या आधी तिचा फोटो काढा. वजनाला घाबरू नका, पॅलेटवर (गाडी उभी करायच्या लोखंडी फळीवर) रिकामी गाडी चढते, सात माणसं नाहीत. अर्टिगा बाराशे किलोंच्या आसपास, कॅरेन्स थोडी जास्त. गोची उंचीत होते. अर्टिगा १.६९ मीटर, कॅरेन्स १.७१, एक्सयूव्ही ७०० १.७५ च्या वर, क्रिस्टा जवळजवळ १.८. खालच्या जागेवर डोक्यावर दुसरा पॅलेट येतो, तिथे पुष्कळ यंत्रांत फक्त हॅचबॅक-सेडानची उंची धरलेली असते. वरच्या जागेला बहुतेक वेळा आकाश मोकळं. रुंदीही बघा, चाकांची जागा आणि दार उघडून माणूस बाहेर येण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि खड्ड्यात उतरणारा पॅलेट असेल तर पावसाळ्यात वॉचमनचा नंबर तोंडपाठ ठेवा.

आमच्या इथे एकाने गाडी आधी आणली आणि पाटी नंतर वाचली. ती अजून रस्त्यावरच उभी असते.

चहा_कमी_साखर

सगळ्यांच्या विरोधात जाऊन बोलतो. घेऊच नका. हॅचबॅक ठेवा, किंवा तीच बदलून चांगल्या ताऱ्यांची नवी घ्या, आणि गावाला जाताना ड्रायव्हरसकट मोठी गाडी सांगा. मुंबईत रोज एकट्या बाईने चार मीटरपेक्षा लांब गाडी फिरवायची, तिच्यातल्या पाच सीट रिकाम्या. शाळेबाहेर रिव्हर्स घेताना मागे लहान मूल उभं असेल तर उंच शेपटाच्या गाडीतून ते दिसत नाही. सेन्सर आणि कॅमेरा असला तरी नजर कमीच पडते.

फक्त भाड्याची गाडी पिवळ्या नंबरपाटीची (टॅक्सी परवान्याची) घ्या. ओळखीतल्याची पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विमावाले हात वर करतात.

घाटमाथा

चहा_कमी_साखर यांची गोष्ट अर्धी पटते. पण गणपतीत भाड्याची गाडी मिळाली तरी चाइल्ड सीट तुमची तुम्हाला न्यावी लागेल, आणि त्या गाडीत आयसोफिक्स असेलच असं नाही. मागचे पट्टे सीटच्या फटीत हरवलेले असतात ते वेगळंच. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर मिळाला तर कशेडीचा बोगदा झाला म्हणून काय झालं, माणगाव-इंदापूरच्या गर्दीनंतर परशुराम घाट आहेच.

स्वतःची घेतलीत तर एवढं पाळा. भरलेल्या गाडीला टायरची हवा वेगळी लागते, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, त्यातला भरलेल्या गाडीचा बघा. घाट उतरताना गिअर खालचा, ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही. टपावर कॅरिअर लावून बॅगा रचू नका, वळणावर गाडी झुकते. आणि सीएनजी घेणार असाल तर सात माणसं बसल्यावर मागे उरलेल्या चिमूटभर डिकीत टाकी येते. मग बॅगा कुठे ठेवणार?

मुलुंडचा_मधला

सगळ्यांचे आभार. वाचून तीन गोष्टी लगेच केल्या.

पाटीचा फोटो काढला. आमची जागा खालची आणि उंची १.६० मीटर! म्हणजे अर्टिगा काय, यादीतली एकही बसत नाही. वरची जागा एका काकांची आहे, त्यांच्याकडे छोटी गाडी. ते अदलाबदलीला तयार आहेत, पण सोसायटीच्या कमिटीचं पत्र हवं म्हणतात. सेक्रेटरी गावाला गेलेत. ते पत्र हातात पडेपर्यंत बुकिंग नाही.

शमिकाताई, चाइल्ड सीट घेऊन कॅरेन्सची ट्रायल घेतली. आत्या पुढे, बाळ माझ्या मागे, बाबा डाव्या खिडकीशी आणि आई मध्ये. मधल्या सीटचा पट्टा आईला सापडला आणि तिने तो न सांगता लावला. बायको आणि लेक शेवटी. हेडरेस्ट बायकोच्या डोक्यापर्यंत येतो. मागे चढायच्या वेळी मात्र बाबांना दर वेळी खाली उतरावं लागतं, त्यावर ते कुरकुरले. आत्याने पुढची सीट पक्की केली आहे, त्यावर आता चर्चा नाही.

माझे गुडघे डॅशबोर्डपासून थोडक्यात वाचतात. आता अर्टिगात हेच करून बघणार. मग एक्सयूव्हीचं खालचं मॉडेल परवडतं का, ताऱ्यांसाठी तेवढं ओढावं का, हे घरी बसून ठरवू. चहा_कमी_साखर, तुमचा पर्याय बायकोला आवडलाय, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शेवटचं एक: लेकीसाठी बूस्टर ठाण्यात किंवा मुलुंडमध्ये प्रत्यक्ष बघायला कुठे मिळतील? ऑनलाइन मागवायचा नाही, तिला बसवून पट्टा कुठून जातो ते बघायचं आहे.