मरीन टँकचा नायट्रेट उतरतच नाहीये, पाणी बदलून बदलून कंटाळले

वाघोलीची_जलपरी
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक बरीच वर्षं ठेवलेत, खाऱ्यात पहिल्यांदाच उतरलेय. तीन फुटी टँक, साधारण दीडशे लिटर पाणी, ड्राय रॉक, बारीक वाळू, कॅनिस्टर फिल्टर आणि मागे लटकवायचा छोटा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र). सायकल (घाण पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार होणं) झाल्यावर दोन ओसेलॅरिस क्लाऊन मासे आणि एक क्लीनर श्रिंप सोडला, तिघंही मजेत आहेत, खातायत पितायत पण नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी उरतो तो) काही केल्या 40 पीपीएमच्या, म्हणजे लिटरला 40 मिलीग्रॅमच्या, खाली येत नाही, कधीकधी तर टेस्टची ट्यूब इतकी लालभडक होते की 40 आहे का 80 तेच कळत नाही. दर रविवारी 20 टक्के पाणी बदलते, मीठ चांगलं वापरते, पाणी घरच्या आरओचं कारण सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिक्स येतं. दुकानदार म्हणतो नायट्रेट रिमूव्हर घ्या, किंमत ऐकून फोन ठेवला. आणि एकाने व्होडका टाक म्हणून सांगितलंय, तो माझी फिरकी घेतोय का?? पुढे सॉफ्ट कोरल घ्यायचेत.

खारट_ठाणेकर
फिरकी नाही ताई, व्होडका खरंच टाकतात 😄 बॅक्टेरियाला कार्बन मिळाला की ते भराभर वाढतात, वाढताना पाण्यातला नायट्रेट आणि फॉस्फेट खातात आणि मग स्किमर त्यांनाच बाहेर काढतो. पण नवीन टँकमध्ये त्या वाटेला जाऊच नका, डोस जरा जास्त झाला की पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन पडतो आणि सकाळी मासे वर तोंड काढून श्वास घेताना दिसतात. छोट्या स्किमरवर तर नकोच.
आधी नायट्राइट (सायकलमधली नायट्रेटच्या आधीची पायरी) चेक करा. बहुतेक किट नायट्रेटचं नायट्राइट करून तेच मोजतात, त्यामुळे सायकल अर्धवट असेल आणि थोडा जरी नायट्राइट उरला असेल तर नायट्रेटचा आकडा उगाच फुगलेला दिसतो. आणि 40 का 80 ची भानगड सोपी आहे, टँकचं अर्धं पाणी आणि अर्धं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिसळून टेस्ट करा, येईल त्याची दुप्पट. एपीआय कंपनीचं किट असेल तर दुसरी बाटली 30 सेकंद दणकून हलवायची, थेंब टाकल्यावर ट्यूब परत मिनिटभर, कंटाळा केला की आकडा कमी येतो.

रीफवेडा
ठाणेकर बरोबर बोलले पण मला संशय वेगळाच आहे. टँकची टेस्ट सगळे करतात, बादलीची कोणी करत नाही. मीठ घालायच्या आधी त्या आरओच्या पाण्याचा नायट्रेट बघा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) पण सांगा.

मालवणी_मासो
एवढा व्याप कशाला, समुद्राचं पाणी आणा की 🙂

रीफवेडा
मासो, तुमच्याकडे ठीक आहे, वाघोलीहून कुठला समुद्र? आणि आमच्या बाजूला किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी भरलेल्या पाण्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात खारटपणा पण पडतो. विषय नको.

वाघोलीची_जलपरी
बापरे. नायट्राइट शून्य आला, टँक डायल्यूट करून 40 च्या आसपास. पण आरओचं पाणी, कोरं, मीठ न घातलेलं, त्यातच 10 आणि 20 च्या मधला रंग! टीडीएस 85. पण ते पाणी आम्ही रोज पितो, त्यात नायट्रेट कसा?

रीफवेडा
घाबरू नका, प्यायला चालतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलीग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो, आपल्या टँकला तो आकडा म्हणजे डोंगर. बोअरमध्ये खतं, सेप्टिक टँक यातून तो उतरतो, आणि आरओचा पडदा नायट्रेट बाकीच्या क्षारांइतका नीट अडवत नाही. वर घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो.
आता हिशोब बघा. बादलीत 15 धरला तर 20 टक्के बदलून 40 चा 35 होतो, शुद्ध पाण्याने 32 झाला असता. आणि खरी मेख टॉप-अपमध्ये, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरता त्या पाण्यात आहे, पाणी उडून जातं पण नायट्रेट आतच राहतो. उन्हाळ्यात रोज दोन लिटर भरत असाल तर वॉटर चेंज आणि टॉप-अप मिळून आठवड्याला चारेक पीपीएम तुम्ही स्वतःच ओतताय, माशांनी काही केलेलं नसताना. रिमूव्हरची बाटली हे पुसत बसेल, नळ चालूच.
मशीनवाल्याकडून पडद्याच्या लगेच पुढून, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिला डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) जोडा. रंग बदलणारं घ्या. टीडीएस शून्य आला पाहिजे, 2-3 दिसायला लागला की रेझिन बदला.

खारट_ठाणेकर
+1. आणि तो कॅनिस्टर उघडून शेवटचा कधी धुतला? स्पंजात अडकलेलं खाणं तिथेच कुजतं. मी तर स्पंज काढूनच टाकला असता, सिरॅमिक रिंग्ज राहू द्या. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाणं) असेल तर गाळणीत धुऊन घाला, ते पाणी टँकमध्ये नको.

वाघोलीची_जलपरी
कॅनिस्टर सायकलपासून उघडलेलाच नाही 🙈 मग रेझिन लावलं की एकदम 50 टक्के बदलू का? शून्यावर आणायचाय.

रीफवेडा
एकदम नको, श्रिंपला खारटपणातला झटका सोसत नाही. 20-25 टक्केच, आठवड्यातून दोनदा, दोन्ही पाण्याचं तापमान आणि ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) जुळवून, 1.025 रिफ्रॅक्टोमीटरवर. आणि शून्य कशाला हवाय? नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही संपले की नव्या टँकमध्ये डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) येतात, तो तपकिरी शेंबूड खडकावरून निघता निघत नाही. सॉफ्ट कोरलला 5 ते 10 मस्त. मागे जागा असेल तर एका बॉक्समध्ये चेटो (दोऱ्यांच्या गुंत्यासारखं समुद्री शेवाळ) आणि स्वस्तातला एलईडी लावा, बाकीचा नायट्रेट ते शेवाळच खाईल. रेझिन लावल्यावर पहिल्या बादलीचा टीडीएस इथे टाका.