वर्गास यांच्या सहीतला 'स' कुठे गेला?

प्रश्न:
अल्बर्टो वर्गास यांनी मासिकांसाठी काढलेली सुंदरींची चित्रे पाहताना असे दिसले, की 'एस्क्वायर'मधील चित्रांवर 'वर्गा' अशी सही आहे, तर नंतरच्या 'प्लेबॉय'मधील चित्रांवर 'वर्गास' अशी. चित्रकार एकच असेल, तर हा फरक कशामुळे? शिवाय त्वचेवर कुंचल्याचा एकही फटकारा दिसत नाही, हे कसे साधले असावे?

प्रतिसाद १:
चित्रकार एकच आहेत. पेरूमधील आरेकिपा येथे १८९६ मध्ये जन्मलेले वर्गास १९१६ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि ब्रॉडवेवरील नाट्यनिर्माते झिगफेल्ड यांच्या रंगमंचावरील तारकांची चित्रे काढू लागले. 'एस्क्वायर'ने १९४० मध्ये त्यांना आधीचे चित्रकार जॉर्ज पेटी यांच्या जागी घेतले, तेव्हा 'वर्गा' हे नाव रूढ केले. पुढे करार मोडला, तरी आपल्याकडे आधीच जमा असलेली चित्रे मासिकाने चित्रकाराचे नाव वगळून 'एस्क्वायर गर्ल' म्हणून छापली. त्याविरुद्धचा दावा वर्गास १९४७ मध्ये अपील न्यायालयात हरले, कारण करारानुसार सगळे हक्क मासिकाकडे होते. कायद्याने ते बरोबर असेलही, पण ज्याच्या हाताने चित्र उतरले त्याचे नावच गाळावे, हे मला आजही खटकते.

प्रतिसाद २:
त्वचेचे श्रेय एअरब्रशला, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाला, आणि थोडेसे वर्गास यांच्या वडिलांना. मॅक्स वर्गास छायाचित्रकार होते आणि छायाचित्रे सफाईदार करण्यासाठी लागणारे हे उपकरण मुलाने त्यांच्याकडूनच हाताळायला शिकले. मात्र एअरब्रश म्हणजे जादू नव्हे. आधी पेन्सिलीने अनावृत देह रेखाटायचा, मग त्यावर वस्त्र चढवायचे, ही त्यांची पद्धत होती, म्हणूनच झिरझिरीत कापडाखालचा खांदा किंवा गुडघा कधी खोटा वाटत नाही. पातळ जलरंगाचे हात एकावर एक देऊन, त्यावर फवाऱ्याने छटा विरघळवल्या की गालापासून गळ्यापर्यंत रंग कुठे बदलला ते सांगता येत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. म्हणजे 'स' दिसला की चित्र 'एस्क्वायर'नंतरचे, असे समजावे का?

प्रतिसाद १:
तसे समजू नये. झिगफेल्ड काळातल्या चित्रांवरही पूर्ण 'वर्गास' आहे. 'स' नसेल तर काळ बराचसा निश्चित होतो, असेल तर केशभूषा आणि पेहराव पाहावा लागतो.