मदत हवी आहे : महाडीबीटीच्या अर्जात पुतणीचं आधार अडकलंय

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैचे. माझी पुतणी यंदा कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) रत्नागिरीला इंजिनिअरिंगला लागली. ओबीसी आहे, उत्पन्न ८ लाखांच्या खूप आत. २०२४-२५ पासून अशा मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण त्यासाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरावाच लागतो. आणि तिथेच घोडं अडलंय.

तिच्या आधारला नंबर दादाचा आहे. दादा बोटीवर खलाशी. बोट आठ-आठ दिवस बाहेर, रेंज नाही. इकडे पोर सायबर कॅफेत ओटीपीची वाट बघत बसते, तिकडे फोन डब्यात बंद. दोनदा दापोलीला जाऊन हात हलवत परत आली. रडकुंडीला आलीय.

दुसरं म्हणजे खातं. बँकेत आधार दिलेलं आहे, तरी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) मॅपिंग दुसऱ्याच बँकेत दिसतंय. शाळेत असताना काढलेलं ते खातं, आता बंद पडलंय. नव्या बँकेतले साहेब म्हणतात, "लिंक आहे की!" लिंक असणं आणि एनपीसीआयला (आधारवर आलेले पैसे कोणत्या बँकेत जायचे ही नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) मॅप असणं वेगळं, हे कसं पटवायचं? कोणता फॉर्म मागायचा?

पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात म्हणे. दापोली-मंडणगड भागात कोणी करून घेतलंय का? किती दिवस लागले? नंबर बदलेपर्यंत बोटाचा ठसा देऊन महाडीबीटीवर नोंदणी होते का, तेही सांगा.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर सगळं तयार आहे. कॉलेजवाले पूर्ण फी मागतील या धास्तीनं वहिनीला झोप नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.