अनुभव धागा : 'बाल्डर्स गेट २'मध्ये व्रतस्थ पॅलाडिनशी जमवताना

'शॅडोज ऑफ अ‍ॅम्न' (म्हणजेच 'बाल्डर्स गेट २' हा संगणकावरचा खेळ) २००० साली आला, तेव्हा नायिकेच्या, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राच्या, वाट्याला प्रेमकथा एकच होती, अ‍ॅनोमेनची. तो हेल्म या देवाचा भक्त खरा, पण पॅलाडिन (व्रतस्थ धर्मयोद्धा) नव्हे, फायटर-क्लेरिक (लढवय्या पुजारी). खरा पॅलाडिन केल्डॉर्न, तर त्याला बायको आणि दोन मुली. त्याची स्वतःची मोहीमसुद्धा घर सावरण्याचीच. ही उणीव मॉडवाल्यांनी, म्हणजे खेळात स्वतःची भर घालणाऱ्या चाहत्यांनी, भरून काढली. पहिल्या भागातला अजांटिस मूळ दुसऱ्या भागात विंडस्पिअर हिल्समध्ये मरतो, तोही आपल्याच हातून. मॉडने त्याला जगवलं आणि सोबतीला दिलं. ज्यांनी अजांटिस किंवा असा दुसरा पॅलाडिन नीट खेळला आहे, त्यांनी लिहा. कथा फोडू नका. काय केलं की जमतं आणि कुठे बिनसतं, तेवढं हवं.

*

सुरुवात इन्स्टॉलपासून, कारण "तो बोलतच नाही" या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं. खेळाच्या फोल्डरची आधी एक कोरी प्रत काढून ठेवा आणि मॉड त्या प्रतीवर चढवा. स्टीम आपोआप अपडेट करतं आणि बदललेल्या फायलींवर नव्या फायली टाकून मोकळं होतं. मॉडचं फोल्डर आणि त्याची सेटअप फाइल, दोन्ही खेळाची 'चिटिन डॉट की' ही फाइल ज्या जागी असते तिथेच हवीत. झिप उघडताना फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर तयार झालं, तर सेटअपला खेळ सापडत नाही.

क्रम असा ठेवा: दुरुस्तीचे मॉड, मग नव्या मोहिमांचे मोठे मॉड, मग सोबत्यांचे, त्यानंतर ट्वीक्स (नियमांत छोटे बदल करणारे) आणि सगळ्यात शेवटी शत्रूंची बुद्धी वाढवणारे. शेवटचे मॉड आधीच्या सगळ्यांच्या स्क्रिप्ट बघून स्वतःला जुळवतात, म्हणून ते आधी टाकून चालत नाही. काय कुठल्या क्रमाने बसलं याची नोंद 'वायडू डॉट लॉग'मध्ये असते. मदत मागायची असेल तर ती फाइल आधी द्या.

डाव अर्ध्यावर असताना मॉड काढू नका आणि घालूही नका. सगळं लेखन 'डायलॉग डॉट टीएलके' या एकाच फाइलमध्ये क्रमांकाने साठवलेलं असतं. क्रमांक सरकले की जुन्या सेव्हमध्ये तलवारीच्या जागी कुणाचं तरी नाव उमटतं.

*

आता प्रेमाच्या संवादांच्या वेळेबद्दल. मूळ खेळातले हे संवाद खऱ्या घड्याळाच्या टायमरवर चालतात आणि बहुतेक मॉडनी तीच पद्धत उचलली आहे. सरायमध्ये आठ तास झोपलात तरी हा टायमर पुढे जात नाही. खेळत राहावं लागतं. काही मॉड इन्स्टॉल करतानाच दोन संवादांमधलं अंतर विचारतात. ते फार कमी ठेवू नका. पॅलाडिनचं मन उमलायला वेळ लागतो आणि लेखकाने ती गती विचारपूर्वक ठरवलेली असते. दर दहा मिनिटांनी कबुली यायला लागली, तर त्या माणसाचं पाणीच ओळखू येत नाही.

टायमर संपला तरी बाकीच्या अटी जुळाव्या लागतात. आसपास शत्रू दिसत नसावा, लढाई थांबलेली असावी, आणि दोघंही शुद्धीवर, बोलण्याच्या अवस्थेत असावेत. मौनमंत्र लागला असेल, झोप किंवा भूल असेल, तर संवाद उमटत नाही. तळघरात एका दाराआड शत्रू उभा ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही. अ‍ॅथकाटलात (खेळातलं मुख्य शहर) भर रस्त्यात परवान्याशिवाय मंत्र टाकलात तर जादूवर पहारा ठेवणारे काउल्ड विझर्ड्स येतात आणि शांततेचा क्षण निसटतो. परवाना ५,००० सुवर्णनाण्यांना मिळतो, लवकर घेऊन टाका.

काही संवाद झोपेतून उठल्यावर येतात, काही फक्त मोकळ्या आकाशाखाली. म्हणून अधूनमधून सराय सोडून रानात मुक्काम करा.

*

वरच्याला जोडून: वेळ लागतो, म्हणूनच तो पार्टीत (आपल्या सोबत्यांच्या गटात) लवकर यायला हवा. दुसऱ्या अध्यायात कॉपर कॉरोनेट ही सराय आटोपली की थेट अजांटिसचं विंडस्पिअर गाठा. डी'आर्निसची गढी, उमर हिल्स, ट्रेडमीट या मोठ्या मोहिमा नंतरसाठी राखून ठेवा. त्या आधीच संपवल्या, तर तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी जहाजावर चढेपर्यंत संवादांना पुरेसे तास उरत नाहीत. पुढे स्पेलहोल्ड आणि अंडरडार्कमध्ये तर निवांतपणा जवळजवळ नाहीच.

पातळी कमी असताना विंडस्पिअरची भीती वाटते, पण फिरक्राग हा ड्रॅगन आपण हल्ला केल्याशिवाय लढत नाही. त्याच्याशी बोला, त्याच्या साथीदाराला, कॉन्स्टरला, मारून गॅरेनच्या मुलीला सोडवा आणि निघा. 'कारसोमिर' ही पॅलाडिनचीच तलवार त्याच्या खजिन्यात आहे. ती घ्यायला बळ वाढल्यावर परत या.

*

रेप्युटेशनवर, म्हणजे लोकांमधल्या नावलौकिकावर, माझा सगळ्यात जास्त भर आहे. ते १ ते २० असं मोजलं जातं. लॉफुल गुड (नियम पाळणारी, सज्जन) नायिका १२ वर सुरू करते, दुष्ट ९ वर. बहुतेक पॅलाडिन मॉड हा आकडा किंवा अलाइनमेंट (पात्राचा नैतिक कल) तपासतात, काही दोन्ही. देवळात दान देऊन आकडा वाढवता येतो, पण निरपराध माणूस मारला की तो इतका घसरतो की दान पुरत नाही. खिसेकापूपणा फसला तरी माणसं अंगावर येतात, आणि त्यांना मारणं म्हणजे पुन्हा निरपराधांचीच हत्या.

पार्टीत कोण आहे तेही बघा. केल्डॉर्न आणि दुष्ट बाजूची विकोनिया एकत्र ठेवले तर मूळ खेळातच तलवारी निघतात. मॉडमधल्या पॅलाडिनकडूनही तीच अपेक्षा ठेवा.

*

उत्तरं निवडताना एक गोष्ट सांभाळा. अशा माणसाला गोड बोलण्यापेक्षा सरळ बोलणं भावतं. त्याच्या देवाची टिंगल केली की कथा तिथेच संपते, हे सगळ्यांना कळतं. पण प्रत्येक वेळी त्याच्या "हो"ला "हो" केलं तरी कथा पुढे जातेच असं नाही. शंका असेल तर विचारा आणि तुमच्या नायिकेचं वेगळं मत असेल तर ते मांडा, फक्त आदराने. त्याच्या व्रताला अडथळा समजणारं उत्तर बहुधा चुकीचं असतं.

सरावाला अ‍ॅनोमेनची परीक्षा उत्तम. बहिणीच्या खुनाचा सूड घेऊ नकोस असं सांगितलं आणि त्याने ऐकलं, तर तो नाइट होतो आणि लॉफुल गुड ठरतो. सूड घेतला तर केऑटिक न्यूट्रल. त्या क्षणी त्याची बाजू घेणं म्हणजेच प्रेम असं वाटतं, पण लेखन नेमकं उलट दिशेला नेतं. पॅलाडिन मॉडही याच धाटणीचे असतात.

*

कन्सोलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. एन्हान्स्ड आवृत्तीत 'बाल्डर डॉट लुआ'मध्ये डिबग मोड १ करा, खेळात कंट्रोल आणि स्पेस दाबा. मूळ प्रेमकथांमध्ये स्थिती दाखवणारा आकडा १ असेल तर कथा चालू, २ म्हणजे पक्की, ३ म्हणजे संपली; मॉडही बहुधा हेच पाळतात. आधी आकडा नुसता वाचा. ३ असेल तर चुकलेल्या उत्तराआधीचा सेव्ह उघडणं सगळ्यात सुरक्षित. ३ चा १ केला तरी संवादांचा गणक जुन्याच जागी राहतो. तो गणक पुढे ढकलू नका. मधल्या संवादात लागणाऱ्या खुणा लागतच नाहीत आणि शेवटी कबुलीचा प्रसंगच येत नाही.

*

सहाव्या अध्यायासाठी एक सूचना. ज्याच्याशी प्रेम चालू आहे त्याला बोधी ही व्हॅम्पायर पळवून नेते, अंगावरच्या सामानासकट. मूळ कथांमध्ये हे ठरलेलं आहे. मॉड काही वापरतात, काही टाळतात, रीडमीत दिलेलं असतं. वापरत असेल तर तिच्या थडग्यांकडे जाण्याआधी कारसोमिर काढून आपल्याजवळ ठेवा. नंतर त्याचं शरीर आणि बोधीचं हृदय घेऊन उमर हिल्सजवळच्या पडक्या देवळात अ‍ॅमोनेटरच्या मूर्तीपाशी जायचं. दोन प्रेमकथा एकदम चालू असतील तर या प्रसंगात हमखास गोंधळ होतो. अटी सैल करणारे ट्वीक्स मूळ कथांसाठी लिहिलेले असतात, मॉडच्या पॅलाडिनला ते लागू पडत नाहीत. तेव्हा अ‍ॅनोमेनला आधीच प्रेमाने नकार देऊन मोकळं करा.